वाणातली गोळी

नवरात्राचे दिवस होते. सकाळी दुधाची किटली घेऊन निघालो, तर उसाच्या फडांवरचं धुकं रस्त्यावर उतरलेलं आणि त्या धुक्यात, रस्त्याच्या ऐन मध्यावर, एक निळी स्लिपर. एकटीच. नाक पुढं करून अशी उभी, की जणू एस.टी.ची वाट बघतेय. मी थांबलो. जरा पुढं डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई संथ चाललेली. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि चालीत काही म्हणजे काही फरक नाही.

"चांगुणावहिनी!" मी हाक मारली. "हा मागचा डबा उद्याच्या गाडीला जोडायचा का?"

वहिनी वळल्या. आधी चपलेकडं बघितलं, मग आपल्या पायाकडं. पाय कुणा दुसऱ्याचा असावा असं बघितलं.

"अगं बया! ही कवा निसटली?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"भाऊजी, मी चालतीय कुटं? मी तरंगतीया," त्या हसून म्हणाल्या. "भुई लागतच न्हाई पायाला. कापसाच्या गंजीवरून चालल्यावानी वाटतं."

आता अशी बातमी हातात आल्यावर मी दूध आणायला जाईन का? आळीला बातमी पोचवायचं काम मी पगार न घेता करतो. घटाची आरती व्हायच्या आत श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या सगळ्या आळीला ठाऊक झालं, की चांगुणावहिनी हल्ली जमिनीला पाय लावत नाहीत. बायकांनी त्यांना 'विमानवाल्या' म्हणायला सुरुवात केली. वहिनींनाही ते आवडलं.

चांगुणावहिनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. नवरा सहादेवराव, थोडा ऊस, दोन गाई, आणि लग्न होऊन चाकणला गेलेली एकुलती लेक निकिता. वहिनींच्या दोन गोष्टी आळीत प्रसिद्ध. पहिली म्हणजे त्यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू अख्खी खाल्लेली नाही. घरात पेरू आला की विळीवर बसणार, फोडी करणार. एक नवऱ्याला, एक माझ्या बायकोला, इंदूला, एक मला (माझं तोंड बंद राहावं म्हणून जरा मोठी), एक दारावरून जाणाऱ्याला. आणि एक फोड वाटीखाली झाकून निकितासाठी. निकिता चाकणला. ती फोड वाटीखाली काळी पडायची, सुकायची, शेवटी गाईच्या पुढ्यात जायची. पण वाटा काढला नाही असं कधी झालं नाही. आणि झाकलेल्या वाट्याला हात लावायची कुणाची, सहादेवरावांचीसुद्धा, छाती नव्हती. वहिनींच्या स्वतःच्या वाटणीला बिया.

दुसरी गोष्ट म्हणजे न्हाणं. आळीतलं प्रत्येक तान्हं मूल वहिनींच्या नळग्यांवर पालथं पडून मोठं झालंय. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, पायांच्या खोबणीत बाळ ठेवायचं, आणि मग तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी. आमचा अर्णव त्या पायांवर भोकाड पसरायचा आणि मनवा झोपी जायची. पाणी कढत किती, विसण किती, हे वहिनी बोट बुडवून सांगायच्या. आणि बाळाचं पोट दुखतंय की पाठ अवघडलीय, हे म्हणे त्यांच्या नळग्यांना कळायचं. "प्वार पायाशी बोलतंय," असं म्हणायच्या. चोळी-बांगडीपलीकडं त्यांनी कधी काही घेतलं नाही.

त्याच नवरात्रात निकिताचा फोन आला. तिला दिवस गेले होते. वहिनी भिंतीपाशी आल्या तेव्हा धुण्याचा पिळा तसाच खांद्यावर होता आणि पाणी पाठीवरून ओघळत होतं.

"चैताच्या शेवटाला म्हनत्यात. हितंच येनार बाळंतपनाला. म्हनली, आई, बाळाला तूच न्हाऊ घालायचं, मला दुसऱ्या कुनाचा भरवसा न्हाई."

"मग काय, आता विमानातूनच न्हाऊ घाला," मी म्हणालो.

एरवी अशा बोलण्यावर वहिनी मला दोन शिव्या तरी घालायच्या. त्या दिवशी आपल्या तळहाताकडं बघत धुणं वाळत घालायला गेल्या.

त्यानंतर त्यांना स्वप्नं पडायला लागली. म्हणजे स्वप्नं आधीही पडत असणार, पण आता त्या सांगायला लागल्या. सकाळी मी दात घासत भिंतीशी उभा असायचो, पलीकडं वहिनी गाईचं शेण भरायच्या, आणि मी विचारायचो, "काय, काल रात्री कशाला हात लावून आलात?"

"बाजरीच्या कनसाला," त्या म्हणायच्या. "हात फिरवला तं सगळी कुसळं टोचली, भाऊजी. एक-एक. लई बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, "आज म्हशीचं नाक. वलं, गार. म्हैस तं आमी इकून किती वरसं झाली, पर नाक तसंच."

कधी विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ, कधी आईच्या नऊवारीचा काठ, कधी नुसतीच उन्हात तापलेली पत्र्याची कडी. जागेपणी ज्या हाताला वाकळ आणि दगड सारखाच लागायचा, तो हात झोपेत सगळं चाचपून यायचा. वहिनी दुपारीही पदर तोंडावर घेऊन पडायला लागल्या. "जरा जाऊन येती," असं इंदूला म्हणायच्या. कारखाना सुरू झाला होता, मळीचा तो गोडसर वास सगळ्या आळीवर पसरलेला असायचा, ट्रॅक्टरमागून उसाच्या ट्रॉल्या डुलत जायच्या, आणि त्या आवाजात वहिनी ओसरीवर पडून कुठंतरी हात लावायला गेलेल्या. मला तर वाटायला लागलं, आपणही जरा जाऊन यावं. पण माझ्या स्वप्नात फक्त हेडमास्तर येतात.

हा विनोद दिवाळीनंतर संपला. इंदू भाजी द्यायला त्यांच्याकडं गेली आणि उलट्या पावली परत आली.

"अहो, ताईंचा तळवा बघा चला. बोटाएवढा फोड आलाय. तव्याला हात टेकला, भाकरी उलटली, तरी कळलं नाही. मी दाखवला तेव्हा त्यांना दिसला."

मी गेलो. चुलीपुढं वहिनी तळहात उघडा टाकून बसलेल्या. फोड बघत नव्हत्या. घंगाळाकडं बघत होत्या.

"भाऊजी, ह्या हातानं मी पोराच्या पान्यात इसन घालू? कढत का गार, ह्या हाताला सांगनार कोन?" मग जरा थांबून म्हणाल्या, "गरम-गार कळलं तरच तांब्या उचलीन. न्हाईतर न्हाई. निकीला मात्र यातलं काय बोलू नका. तुमाला बोलल्याशिवाय ऱ्हावत न्हाई, पर हे न्हाई बोलायचं."

आणि मी बोललो नाही. माझ्या आयुष्यात पोटात राहिलेली तेवढीच एक बातमी.

दुसऱ्या दिवशी आमची वरात सरकारी दवाखान्यात. वहिनी, सहादेवराव, आणि मला घेतलं नसतं तरी गेलोच असतो असा मी. तिथल्या डॉक्टर ज्ञानेश्वरी मॅडम, वयानं निकिताएवढ्याच. त्यांनी वहिनींना डोळे मिटायला लावले आणि पायाच्या बोटांना टाचणीचं टोक लावलं.

"टोचतंय, काकू?"

"तुमी सुरू तं करा."

मॅडमनी टाचणी बाजूला ठेवली. रक्त तपासायला घेतलं. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा म्हणाल्या, "शुगर नाहीये. बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. आणि रक्तही कमी."

"बारा नंबरचं कमी हाय व्हय?" सहादेवराव म्हणाले. "म्हंजे पयली अकरा भरलेली हायत."

मॅडम हसल्या नाहीत, नव्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं. विजेच्या वायरीवर जसं आवरण असतं, तसं नसेवरही असतं. हे जीवनसत्त्व पुरलं नाही की ते आवरण झिजतं, आणि हातापायांची बातमी डोक्यापर्यंत पोचत नाही. बातमी न पोचण्याचं दुःख काय असतं ते मला विचारा, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"मांसमच्छी, अंडी?" मॅडमनी विचारलं.

"माळ हाय आमच्या घरात."

"मग दूध, दही? घरच्या गाई आहेत ना?"

"दूध डेअरीला जातं."

"तुम्ही पीत नाही?"

"मी कशाला पिऊ? मी काय वासरू हाय?"

मॅडमनी लिहायचं थांबवून वहिनींकडं जरा वेळ बघितलं. मग सांगितलं, आधी इंजेक्शनं, ती इथंच, फुकट. त्यानंतर रोज एक गोळी, जेवणानंतर. त्यात हे बारा नंबरचं, फॉलिक ॲसिड आणि बाकीची जीवनसत्त्वं. ती गोळी दवाखान्यात नसते, बाहेरून घ्यायची. "आणि काकू, ही ताकदीची गोळी नाही. ज्याला कमी आहे त्यालाच तिचा उपयोग. ज्याला कमी नाही, त्यानं खाल्ली तर नुसतीच लघवीवाटे जाते. लघवी पिवळीजर्द होईल, घाबरायचं नाही. मी सांगेपर्यंत थांबवायची नाही. महिने लागतील. सगळं परत येईल असं मी आत्ता सांगू शकत नाही, पण उशीर केला तर नक्की येणार नाही."

"चैतापतोर यील?" वहिनींनी विचारलं.

"रोज घेतलीत तर आशा आहे."

स्टँडवरच्या मेडिकलवाल्यानं चकचकीत डब्यातली पाकिटं काढून दिली आणि किंमत सांगितली. सहादेवरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "एवढ्यात तं गाईची पेंड येती!" वहिनी लगेच माघारी वळल्या, मीच दंड धरून उभं केलं. मग सहादेवरावांनी आतल्या खिशातून लॅमिनेट केलेलं आरोग्याचं कार्ड काढलं, देवाचा फोटो दाखवावा तसं दाखवलं.

"काका, हे दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर, मोठ्या आजाराला," दुकानदार म्हणाला. "दुकानातल्या गोळ्यांना नाही चालत."

"मंग हिला ॲडमिटच करा!"

त्या दिवशी एकच पाकीट घेतलं. आणि घरी गेल्यावर वहिनींनी काय केलं असेल? विळी घेतली नाही एवढंच. इतकी महागाची वस्तू घरात आलेली, ती एकटीनं कशी खायची? एक दिवस स्वतः, एक दिवस सहादेवराव. इंजेक्शनं मात्र सगळी झाली. सुईत वाटणी करता येत नाही म्हणून. पण गोळ्यांचं हे असं चाललंय, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. तो लागला सहादेवरावांमुळं. एके सकाळी ते माझ्याकडं आले, चेहरा उतरलेला, आवाज खाली.

"मास्तर, मला कावीळ झाली."

"कशावरून?"

त्यांनी इकडंतिकडं बघून कशावरून ते सांगितलं. हळद फिकी पडेल असा रंग, म्हणाले. मी त्यांचे डोळे बघितले, पांढरेस्वच्छ. मग एकदम मला मॅडमचं वाक्य आठवलं आणि मी पायरीवर बसूनच हसलो.

"सहादेवराव, वहिनींच्या गोळ्या खाताय काय?"

"मी मागितल्या न्हाईत! तीच ताटात ठेवती. म्हनती, एकटीच्या गळ्याखाली उतरत न्हाई."

मी त्यांना सांगितलं, तुमची अकरा भरलेली आहेत, बारावंही भरलेलं आहे, तुम्ही फक्त संडासात सोनं ओतताय. त्या दिवसापासून ते गोळीला शिवले नाहीत. उलट त्यांनीच चौकशी करून खबर आणली, की श्रीगोंद्यात जनऔषधीचं दुकान आहे आणि तिथं हीच गोळी स्वस्तात मिळते. मग पुन्हा वरात. मॅडमनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता आतल्या औषधाचं नाव लिहून दिलं. तिथल्या दुकानदारानं पाकिटांची चवड पुढं ठेवली आणि सांगितलेले पैसे ऐकून वहिनींना भलताच संशय आला.

"एवढी सवंग? शिळी हाय का रं बाबा?"

"मावशी, तारीख बघा. आतलं औषध तेच. वरच्या नावाचे पैसे तेवढे नाहीत."

वहिनी ती चवड पदरात घेऊन घरी आल्या. येताना जीपमध्ये त्यांचा चेहरा मी बघत होतो. खिडकीबाहेर तुरे आलेला ऊस, पांढरा, वाऱ्यावर झुलणारा. आणि वहिनी एकटक त्याकडं बघतायत, कुठंतरी लांब गेलेल्या, ओठांवर हसू. मला वाटलं, बरं झालं, गंगेत घोडं न्हालं. मला काय माहीत, बाईच्या डोक्यात काय शिजतंय ते. महाग होती तेव्हा गोळी दोघांत वाटली गेली. आता स्वस्त झाली म्हटल्यावर?

संक्रांत आली. आमच्या आळीत रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडं तरी हळदीकुंकू असतं आणि बायका वाण लुटतात. कुणी चाळणी देतं, कुणी प्लास्टिकचा डबा, कुणी पायपुसणं. आमच्या घरात चाळण्या इतक्या झाल्यात, की चहा कितीदा गाळावा कळत नाही. वहिनींनी यंदा इंदूला आधीच सांगून ठेवलं होतं, "माझं वान बघून समदी गप हुतील." आणि मुद्दाम दवाखान्यात जाऊन ज्ञानेश्वरी मॅडमना आमंत्रण देऊन आल्या.

हळदीकुंकवाला पुरुषांना मज्जाव. पण भिंत आमची आहे आणि कानही माझेच. शिवाय इंदूनं घरी येऊन सगळं साग्रसंगीत सांगितलं, ते असं.

ओसरीवर सतरंजी. बायकांची दाटी. मॅडम निळी साडी नेसून आलेल्या, सगळ्यांत पुढं बसवलेल्या. वहिनींनी हळदकुंकू लावलं, बोटाला कळत नसल्यानं मॅडमच्या कपाळभर पसरलं. ओटी भरली. तिळगूळ दिला. मग परातीवरचा रुमाल काढला. परातीत लखलखतंय! बायकांना वाटलं, चांदीचं काहीतरी. वहिनींनी एकेक चकाकता चौकोन उचलून सगळ्यांच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. कात्रीनं नीट कापलेले, कडा दुमडलेले. मॅडमनी आपल्या तळहातावरचा चौकोन उलटा करून बघितला. आत लाल गोळी. त्यांनीच लिहून दिलेली.

"काकू, हे काय?"

"वान, मॅडम," वहिनी म्हणाल्या. "लई गुन हाय म्हनत्यात तिच्यात. सवंग मिळाली, म्हनलं समद्यांना द्यावी. चाळनी काय, फाटून जाती."

ओसरी एकदम गप्प. वहिनी म्हणाल्या होत्या तसंच झालं.

"तुम्ही स्वतः किती घेतल्या?"

वहिनींनी पदराशी चाळा केला. "इंजेक्शनावर थोडं बरं वाटत हुतं. मुंग्या यायला लागल्या हुत्या पायाला. मंग म्हनलं, ह्या राखून ठिवू संक्रांतीला."

मॅडमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मुंग्या येत होत्या म्हणजे पाय जागा होत होता, काकू. आणि आता?"

"आता न्हाई येत."

"काकू, ह्या बायकांपैकी कुणाला काय कमी आहे मला माहीत नाही. तुम्हाला काय कमी आहे ते माहीत आहे. ही वाटायची वस्तू नाही."

"खरं हाय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. "पर मॅडम, एकटीनं खायचं म्हनलं की घास हितं आडतो. लहानपनापास्नं सवय न्हाई. तुमी रागवा, मी व्हय म्हनीन, आन उद्या परत कुनाला तरी देईन. मला मी ठाऊक हाय."

अशा अडचणीवर मॅडमच्या पुस्तकात इलाज नसावा. तेवढ्यात आमची इंदू, जी माझ्याशी चोवीस तास भांडते पण दुसऱ्याच्या घरी तोंड उघडत नाही, ती उठली. तिनं मॅडमच्या हातावरचा तो चौकोन उचलला. वहिनींच्या स्वयंपाकघरात गेली, फडताळातून वाटी आणली, गोळी खाली ठेवली आणि वर वाटी पालथी घातली.

"ताई, हा कुणाचा वाटा?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"निकिताच्या बाळाचा," इंदू म्हणाली. "रोजची एक गोळी त्याची. त्याला अजून दात नाहीत, तोंड नाही, म्हणून त्याच्या नावानं तुम्ही गिळायची. आता बोला, झाकलेला वाटा तुम्ही कधी कुणाला दिलाय?"

"न्हाई बाई," वहिनी हळूच म्हणाल्या. "तसं कसं देईन?"

आणि मग, इंदू सांगते, एकेक बाई उठली आणि आपापला चौकोन त्या वाटीखाली सारून गेली. त्या वर्षी वाण लुटलं गेलं ते असं उलट्या दिशेनं. मी मात्र इंदूला विचारलंच, "तू आणलीस का एखादी? मला जरा बघायचं होतं, रंग कसा येतो ते." तिनं चाळणी फेकून मारली. घरात चाळण्या भरपूर.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. रोज जेवण झालं की भिंतीपलीकडं वाटीचा आवाज यायचा, धातूवर धातू, आणि मग पाण्याचा घोट. मॅडमच्या हुकमावरून एक पेला दूधही डेअरीला जाण्याआधी घरात थांबायला लागलं. सहादेवराव ते स्वतः उभं राहून पाजायचे आणि "पी, वासरा," म्हणायचे. फोनवर निकिता आपल्या गोळ्यांचं सांगायची. चाकणला नाव नोंदवलं होतं, तिथं रक्तवाढीच्या गोळ्या फुकट मिळायच्या. "चुकवू नगं बरं का," वहिनी तिला बजावायच्या, "मी पन न्हाई चुकवत." कशाच्या, ते मात्र सांगायच्या नाहीत.

माघ गेला. रस्त्याकडेच्या पांगाऱ्याला लाल फुलं आली. स्वप्नं कमी झाली. मी भिंतीशी विचारायचो, तर वहिनी म्हणायच्या, "काल कुटंच न्हाई गेले. गाढ झोपले." मला चुकल्यासारखं व्हायचं. मग शिमग्याच्या सुमाराला एके सकाळी त्या कितीतरी वेळ गोठ्यात गाईच्या मानेवर हात ठेवून उभ्या दिसल्या. मी हाक मारली नाही. हो, मलाही कधीकधी कळतं.

"काय वहिनी, काही लागतंय का हाताला?" शेवटी विचारलंच.

"लागल्यावानी वाटतं," त्या म्हणाल्या. "पर सपनातलं हाताला चिकटून आलंय का खरंच हाय, ते समजंना."

निकिता आली, पोट सांभाळत, आणि चैत्र संपता संपता श्रीगोंद्याला तिला मुलगी झाली. घरी आणल्यावर न्हाणीचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी वहिनींनी लेकीला सगळं सांगून टाकलं. फोड, टाचणी, वाण, वाटी. भिंतीपलीकडून मला निकिताचा आवाज ऐकू आला, "आई, तू वेडी आहेस का गं?" मग दोघींचं हसणं.

ठरलं असं, की पाण्याचं इंदूनं बघायचं. विसण तीच घालणार, तांब्या तिच्याच हातात. वहिनींनी नुसतं पाटावर बसून पाय द्यायचे. तांब्याला हात लावायचा नाही, त्यांनीच घातलेली अट होती.

आमची आणि त्यांची न्हाणी पाठीला पाठ लावून. मी त्या दिवशी दाढी करायला न्हाणीत गेलो आणि दाढी होईनाच. पलीकडून धूर येत होता, ओवा-शेपाचा. झरोक्यातून वाफ आत येऊन माझ्या आरशावर बसली होती, मला माझंच तोंड दिसेना. बंब कुरकुरत होता. पाट सरकला. निकिता म्हणाली, "आई, नीट ठेवलीय ना?" इंदू म्हणाली, "पायात बसली बघा, खोबणीत मुटकुळं." वहिनींचा आवाज नाही. तेलाचा हात फिरल्याचा आवाज तेवढा, मऊ, लयीत. आमची मनवा ह्याच आवाजाला झोपायची. नात रडत नव्हती. सगळं असं वाफेत तरंगत होतं, की वस्तरा हातात धरून मीच क्षणभर झोपलो असेन.

आणि एकदम वहिनींची किंकाळी.

"अगं बया! अगं बया गं!"

माझ्या हातून वस्तरा पडला. "काय झालं?" मी भिंतीवर थाप मारली. "इंदू! भाजलं का पोरीला?"

पलीकडं निकिता फिस्सकन हसली.

"काही नाही हो काका," ती ओरडली. "मुतली."

"कुणाच्या अंगावर?"

"आईच्या पायावर."

"मग त्यात एवढं..." मी म्हणालो, आणि थांबलो.

भिंतीच्या पलीकडून वहिनींचा आवाज आला, हळू, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "गरम लागलं. नळगीवरनं घोट्याकडं गेलं, मंग पावलावर. पार आंगठ्यापतोर न्हाई कळलं. पर हितपतोर कळलं. कढत न्हाई गं, कोमट. कोमट हाय."

बंब कुरकुरत होता.

"भाऊजी," भिंतीतून हाक आली. "हायसा ना तिथं? मला ठावं हाय, हायसा. हे सपान न्हाई ना?"

मी खाली पडलेला वस्तरा उचलला.

"स्वप्नात मुतल्यावर गादी ओली होते, वहिनी," मी म्हणालो. "पाट बघा."

मग पाण्यात हात बुडवल्याचा आवाज आला. जरा थांबून पुन्हा बुडवल्याचा. आणि वहिनी इंदूला म्हणाल्या, तोच जुना आवाज, आमच्या अर्णवाच्या वेळचा, हुकमी.

"अजून इसन घाला ह्यात. लई कढत हाय हे. आन आना तो तांब्या हिकडं."

"अहो पण ताई, निम्मं मी घालते की..."

"न्हाई," चांगुणावहिनी म्हणाल्या. "हे मी वाटून घेनार न्हाई."